एका शब्दाचा गुरू

लिहिताना हा शब्द घ्यावा की तो, हे तोलून बघण्याला चिनी भाषेत एक क्रियापद आहे, थ्वेइछ्याओ. त्याची फोड केली तर अर्थ होतो 'ढकल-ठोठाव'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अनुवादकाने काहीतरी गोंधळ घातलाय. शब्द माणसं तोलतात, पारखतात, घोळवतात. ढकलतील आणि ठोठावतील कशाला? पण गोंधळ नव्हता. त्या शब्दामागे एक गोष्ट आहे, आणि ती चीनमधलं शाळकरी पोरही सांगेल.

जिया दाओ (७७९-८४३) नावाचा कवी. आधी बौद्ध भिक्षू होता, पुढे भिक्षूची वस्त्रं सोडली. गाढवावर बसून राजधानीच्या रस्त्याने चाललाय आणि डोक्यात कविता. कवितेत एक भिक्षू रात्री एका दाराशी येतो. आता तो दार ढकलतो की ठोठावतो? काही केल्या ठरेना. म्हणून गाढवावर बसल्याबसल्या हातानेच एकदा ढकलून बघतोय, एकदा ठोठावून बघतोय. त्या नादात गाढव थेट एका बड्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यात घुसलं. शिपायांनी धरून पुढे उभं केलं. नशीब असं, की तो अधिकारी म्हणजे हान यू (७६८-८२४), त्या काळचा मोठा लेखक आणि स्वतः कवी. त्याने 'काय प्रकार आहे' विचारलं, ह्याने खरं ते सांगितलं. हान यू तिथेच थांबून बराच वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, "ठोठाव बरं." पुढे दोघं बरोबरीने कवितेवर बोलत निघून गेले.

हे असंच घडलं असेल याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. असेना का! हजार-बाराशे वर्षं एखादी गोष्ट लोक पुन्हापुन्हा सांगतात तेव्हा ती घडली की नाही यापेक्षा लोकांना ती का हवीशी वाटली हे बघावं. मला त्यात आवडतं ते हान यूचं थांबणं. त्याने दंड केला नाही हे तर झालंच. पण "वा, छान कविता करतोस हो," म्हणून पाठही थोपटली नाही. एका अनोळखी माणसाच्या एका शब्दासाठी त्याने आपला अख्खा लवाजमा रस्त्यात उभा केला.

गेली काही वर्षं मी चिनी कवितेबद्दल मिळेल ते वाचते आहे. चिनी येत नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. पण वाचतावाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. कविता शिकवता येत नाही, ती असावी लागते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही शाळेत असताना ते वाक्य पुष्कळदा ऐकलं, शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर. चिनी गुरूंनी या वादात वेळ घालवलाच नाही. त्यांनी कवितेवर व्याख्यानं दिली ती थोडी. विद्यार्थ्याने लिहून आणायचं आणि गुरूने त्यातला शब्द बदलून परत द्यायचा, हाच धडा. आणि मला वाटतं हीच खरी शिकवणी. मात्र तिला एक अट आहे. गुरूचा हात हलका हवा आणि शिष्याला वाद घालायची मुभा हवी. ती अट सुटली की याच पद्धतीइतकं वाईट दुसरं काही नाही.

एका शब्दाचं एवढं काय, असं वाटेल. त्यासाठी ती कविता कशी बांधलेली असते ते थोडं सांगायला हवं. नियमबद्ध कविता आठ ओळींची, ओळीत पाच किंवा सात अक्षरं. एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुतेक वेळा एक शब्द. म्हणजे अख्खी कविता चाळीस किंवा छप्पन शब्दांची. चार ओळींची असेल तर वीस किंवा अठ्ठावीस! आपल्या वृत्तात लघु-गुरू, तसे तिथे सूर. सपाट सुराची अक्षरं आणि तिरप्या सुराची अक्षरं असे दोन गट, आणि कुठल्या जागी कुठल्या गटातलं अक्षर यायचं हे ठरलेलं. यमकांचेही वर्ग बांधून दिलेले. पुढच्या काळातल्या प्रचलित कोशात ते १०६ आहेत. शिवाय आठातल्या मधल्या चार ओळी जोडीजोडीने समोरासमोर उभ्या. वर नाम तर खाली नाम, वर क्रियापद तर खाली क्रियापद, वर रंग तर खाली रंग. वीस शब्दांच्या कवितेत एक शब्द बदलला म्हणजे कवितेचा विसावा हिस्सा बदलला. आणि येणारा नवा शब्द त्याच सुराचा, त्याच जातीचा हवा. घरातली एक वीट काढून दुसरी बसवायची, भिंत न हलवता.

आता गंमत बघा. 'ढकल' आणि 'ठोठाव' या दोन्हींची चिनी अक्षरं एकाच गटातली, सपाट सुराची. म्हणजे नियमाच्या परीक्षेत दोन्ही पास. व्याकरणाने प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून तर गाढव भरकटलं.

मग हान यूचं बरोबर होतं का? चीनमध्ये यावर पुढे चांगलीच भांडणं झाली. सतराव्या शतकातला वांग फूझी म्हणाला, हा सगळा खटाटोपच खोटा. कवीने ते दृश्य डोळ्यांनी पाहिलं असेल तर भिक्षूने ढकललं तरी असेल किंवा ठोठावलं तरी असेल. जे झालं ते लिहावं. बसून अंदाज बांधणं म्हणजे दुसऱ्याचं स्वप्न आपण सांगण्यासारखं. विसाव्या शतकात, १९४०च्या दशकात, जू ग्वांगछ्येन नावाच्या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने तर हान यूलाच आव्हान दिलं. दार ठोठावलं म्हणजे आत कुणीतरी आहे, उघडायला येणार आहे. ढकललं म्हणजे भिक्षू एकटाच, त्यानेच ते दार लोटून घेतलं होतं आणि तोच परत आलाय. कवितेला जर निर्जन शांतता हवी असेल तर 'ढकल'मध्ये ती जास्त आहे. 'ठोठाव'मध्ये आवाज आहे, सोबत आहे. मला हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! अकराशे वर्षांनी एक प्राध्यापक एका विद्यार्थ्याच्या मूळ शब्दाची बाजू मांडायला उभा राहतो. दुरुस्ती बरोबर होती की चूक हे मला दुय्यम वाटतं. तिने तो एक शब्द चव्हाट्यावर आणून उभा केला आणि अजून घरी जाऊ दिलेलं नाही.

'एका शब्दाचा गुरू' हा चिनी वाक्प्रचार रूढ झाला तो दुसऱ्या एका गोष्टीमुळे. ची-जी नावाचा भिक्षू-कवी, तांग राजवटीच्या अखेरचा. त्याने लवकर फुललेल्या प्लमवर कविता लिहिली आणि जंग गू या ज्येष्ठ कवीकडे नेली. (हा प्लम ऐन थंडीत, बर्फात फुलतो. आपल्याकडे तसं झाड नाही, पळस-पांगाऱ्यावरून अंदाज येणार नाही.) कवितेत त्याने म्हटलं होतं की रात्रीत काही फांद्या फुलल्या. जंग गूने वाचलं आणि सांगितलं, 'काही' म्हणजे लवकर नव्हे, 'एक' म्हण. बस्स, एवढंच. ची-जीने तिथेच त्याला वाकून नमस्कार केला आणि लोक जंग गूला 'एका शब्दाचा गुरू' म्हणू लागले. इथेही दोन्ही अक्षरं एकाच, तिरप्या गटातली. नियमाला दोन्ही चालत होती. पण शीर्षकात 'लवकर' आहे. बाहेर सगळा बर्फ आणि एकच फांदी फुललेली, हे डोळ्यांपुढे आणा. ची-जीला ते दिसलं नव्हतं असं नाही. त्याने ते लिहिलं नव्हतं. गुरूने स्वतःचं काही घातलं नाही, कवितेत जे होतं तेच तिच्या हातात दिलं.

याच नावाच्या दोन गोष्टींत तर धाकट्याने मोठ्याला दुरुस्त केलंय. सोंग काळातला जांग योंग हा बडा अधिकारी. त्याने कवितेत म्हटलं, की सगळीकडे शांतता आहे आणि आपल्याला काही काम उरलेलं नाही याची खंत वाटते. त्याच्याकडे जेवायला आलेल्या श्याओ छूत्साय या हाताखालच्या तालुका-अधिकाऱ्याने मेजावर तो कागद पाहिला आणि 'खंत'च्या जागी 'भाग्य' करून टाकलं. जांग योंग चिडला असावा. तेव्हा श्याओ म्हणाला, तुमचं पद मोठं, शत्रू पुष्कळ. देश एक झालाय, शांतता आहे, आणि तुम्हाला एकट्याला खंत वाटते? जांग योंगने त्याला गुरू म्हटलं. ही दुरुस्ती कवितेची की माणसाच्या मानेची, हा प्रश्न आहेच. कविता म्हणून मला 'खंत' जास्त प्रामाणिक वाटते! पण पाहुणा कागद वाचतो, काळजीने शब्द बदलतो, आणि यजमान ऐकून घेतो, हे काही कमी नाही. दुसरी गोष्ट फान जोंगयान (९८९-१०५२) या थोर मंत्र्याची. एका जुन्या विरक्ताच्या स्मृतिमंदिरासाठी त्याने लेख लिहिला, शेवटी चार ओळींचं गीत, आणि त्यात त्या विरक्ताचा 'सद्गुण'. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान ली गोउ म्हणाला, आधीच्या ओळींत डोंगर आहेत, नदी आहे, सगळं कसं अफाट. त्यावर 'सद्गुण' हा शब्द आखूड पडतो, 'वारा' करा. चिनी भाषेत त्या वाऱ्यात माणसाची वृत्ती, त्याचा प्रभावही येतो. फान ऐकताऐकता गुडघे टेकायलाच निघाला होता म्हणतात.

पण या झाल्या प्रसिद्ध गोष्टी. रोजची शिकवणी अशी चमकदार नसायची. ती लहानपणी सुरू व्हायची, जोड्या लावण्यापासून. गुरुजी एक शब्द देणार, मुलाने त्याच्यासमोर उभा राहील असा दुसरा द्यायचा. नदी म्हटलं तर डोंगर. मग दोन अक्षरांची जोडी, मग तीन. आपल्याकडच्या समस्यापूर्तीची ही धाकटी बहीण म्हणा. लू शून (१८८१-१९३६) या मोठ्या लेखकाने शाओशिंगमधल्या आपल्या लहानपणच्या पाठशाळेबद्दल लिहिलंय, तिथेही हाच क्रम. गुरुजी हळूहळू अक्षरं वाढवत गेले, तीनाची पाच झाली, पाचाची सात. कवितेच्या ओळीची लांबीच ती. मुलाला कळायच्या आत तो ओळ लिहायला लागलेला असायचा.

आणि लाल शाई! हो, तिथेही लालच. विद्यार्थी काळ्या शाईत लिहिणार, गुरू शेंदरी शाईचा कुंचला घेणार. बदलायच्या शब्दावर रेघ आणि शेजारी नवा शब्द. पानाच्या वरच्या समासात जो शेरा लिहायचा त्याला 'भुवईवरचा शेरा' म्हणतात. पान म्हणजे चेहराच की. पण माझं लक्ष वेधलं ते वर्तुळांनी. चांगल्या ओळीच्या कडेने गुरू शब्दाशब्दाला छोटीछोटी लाल वर्तुळं काढत जायचा. म्हणजे तिथे लाल शाई मुळात चुकीची शाई नव्हे. आपल्या शाळांत मूल वही उघडतं तेव्हा लाल दिसलं की त्याचा चेहरा पडतो. सगळा वर्ग एका तासात तपासायचा, शुद्धलेखनाच्या चुकांवर गोल, खाली सही आणि तारीख. चांगल्या वाक्याला गोल करायचा हे शिक्षणशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

कुणाला आपलं लिखाण तपासायला देताना चिनी माणूस नम्रपणे जो शब्द वापरतो त्याचा अर्थ 'कुऱ्हाडीने नीट करा'. ऐकून दचकायला होतं. त्याचं मूळ ज्वांगझीच्या प्राचीन ग्रंथात आहे. एका माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर चुन्याचा ठिपका पडला, माशीच्या पंखाइतका पातळ. त्याने शी नावाच्या सुताराला तो काढायला सांगितलं. सुताराने कुऱ्हाड अशी फिरवली की वारा सुटला. चुना गेला आणि नाकाला ओरखडाही नाही. तो माणूस जागचा हलला नाही. पुढे एका राजाने हे ऐकलं आणि सुताराला बोलावून म्हणाला, मलाही करून दाखव. सुतार म्हणाला, पूर्वी करू शकत होतो; पण ज्याच्यावर करायचो तो जोडीदार केव्हाच वारला. ज्वांगझी ही गोष्ट सांगतो ती आपल्याशी जन्मभर वाद घालणाऱ्या मित्राच्या, हुएझीच्या, थडग्यापाशी. नाक पुढे करून न हलता उभा राहणारा माणूस नसेल तर सुताराचं कसब कसब राहत नाही. हल्ली संगणकाला सांगितलं की तो क्षणात कविता 'सुधारून' देतो म्हणे. देत असेल. पण नाक कुणाचं आणि कुऱ्हाड कुणाची?

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. ह्वांग थिंगज्यान (१०४५-११०५) या कवीपासून 'लोखंडाला स्पर्श करून सोनं करणं' हा शब्दप्रयोग कवितेच्या चर्चेत रुळला. आणि लगोलग त्याचा उलटाही, 'सोन्याला हात लावून लोखंड करणं'. तो उलटा शब्द भाषेला लागला यातच सगळं आलं. १७५७ साली छ्येनलोंग बादशहाने सरकारी परीक्षेत कविता पुन्हा आणली, सोळा ओळींची, दिलेल्या विषयावर, दिलेल्या यमकात. मग काय विचारता! गावोगावचे गुरुजी कविता दुरुस्त करू लागले ती पास होण्यासाठी. सूर चुकला नाही ना, नको तो शब्द आला नाही ना, बादशहाची स्तुती शेवटी बसली ना. शंभर मुलांच्या कविता दुरुस्त होऊन एकसारख्या. दहावीच्या निबंधाच्या तयार मुद्द्यांची ज्यांना आठवण झाली त्यांना मी काही समजावून सांगायला नको. १९०५ साली त्या परीक्षाच गेल्या.

याहून खोल धोका आहे तो मालकीचा. गुरूने चार शब्द बदलले, मग कविता कुणाची? बायकांच्या बाबतीत हा प्रश्न फार वाकडा होऊन यायचा. युआन मेय (१७१६-१७९७) हा त्या काळातला नामांकित कवी, त्याने म्हातारपणी उघडपणे स्त्रियांना शिष्य केलं आणि १७९६मध्ये त्यांच्या कवितांचा संग्रह छापला. जांग श्वेछंग या विद्वानाने त्यावरून त्याच्यावर कडक टीका केली. पण मला विशेष वाटलं ते हे, की खुद्द युआन मेयलाच आपल्या शिष्येवर शंका आली होती. शी पेयलानच्या कविता इतक्या चांगल्या, की त्याला वाटलं, नवराच लिहून देत असेल. नवरा सुन युआनश्यांगही कवी. गुरू तिच्या गावी गेला. तिच्या सासूचं दुःख ताजं होतं, ती सुतकाच्या पांढऱ्या वेशात बाहेर आली. त्याने आपलं छोटं चित्र पुढे केलं आणि म्हणाला, यावर लिही. तिने लिहिलं. शंका फिटली, आणि त्याने तसं स्वतःच्या पुस्तकात नोंदवूनही ठेवलं. त्याच्या नोंदवण्याचं मला कौतुक आहे. पण त्या पांढऱ्या वेशातल्या बाईच्या मनात काय आलं असेल? पुरुष शिष्याच्या घरी कुणी असं चित्र घेऊन गेल्याचं माझ्या वाचनात नाही.

म्हणूनच असेल, मला सगळ्यात पटलेली शिकवणी एका कादंबरीत, दोन मुलींमध्ये चालते. त्साओ श्वेचिनची 'लाल महालाचं स्वप्न', अठराव्या शतकातली, १७९१ साली पहिल्यांदा छापली गेली. अठ्ठेचाळिसावं प्रकरण. श्यांगलिंग लहानपणी पळवून विकली गेलेली, एका उनाड माणसाची रखेल म्हणून राहणारी पोर. तो दौऱ्यावर जातो आणि तिला बागेत राहायला मिळतं. ती लिन दाइयूला म्हणते, मला कविता शिकव. दाइयू स्वतः कोवळ्या वयाची. ती म्हणते, नियम काय, सोपे असतात. खरी चांगली ओळ सुचली तर सूर चुकले तरी चालतील. आणि वाचायला देते. आधी वांग वेयच्या शंभर, मग दू फूच्या शंभर-दोनशे, मग ली बायच्या तितक्याच. पुस्तकात ज्यांना लाल वर्तुळं आहेत त्या माझ्या निवडीच्या, त्या सगळ्या वाच. (बघा, पुन्हा लाल वर्तुळं.) मग विषय देते चंद्र, आणि यमकाचा वर्ग ठरवून देते.

श्यांगलिंग लिहून आणते. दाइयू एक शब्द बदलत नाही. म्हणते, कल्पना आहे पण शब्द साधे राहिले. तू कमी वाचलंयस म्हणून बांधली गेलीस. हे टाकून दे आणि पुन्हा लिही, जरा धीट होऊन. ती जेवणखाण विसरते, झाडाखाली बसते, माती उकरते, घरातले लोक म्हणतात हिला वेड लागलं. दुसरी कविता. ही फार ओढूनताणून झाली, दाइयू म्हणते. शेजारची बाओछाय म्हणते, हा चंद्र नव्हे, हे चांदणं झालं. काय नेमका शेरा आहे! शब्द कुठला बदल ते सांगितलं नाही, पण कुठे बघायचं ते सांगितलं. तिसरी कविता तिला झोपेत सुचते. ती वाचून सगळ्या म्हणतात, आता तू आमच्या कवितामंडळात. ज्या मुलीला स्वतःचं खरं नाव, आईबाप, जन्मगाव काहीच आठवत नाही, तिचं स्वतःचं म्हणावं असं पहिलं काहीतरी ती कविता आहे. दाइयूने त्यात चार शब्द घातले असते तर कविता कदाचित लवकर चांगली झाली असती. पण मग तेही तिचं राहिलं नसतं.

उर्दूत यालाच इस्लाह म्हणतात आणि ती आपल्याला जवळची. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादला दाग देहलवींकडे टपालाने गझला पाठवायचे, आणि काही काळाने दागनी कळवलं की आता दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि कितीतरी नवख्यांना पत्रांतून वळण लावलं. त्याच्या मागे हीच परंपरा. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सध्या आपण काय करतो? आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर भाचीने पावसावरची कविता टाकली. अर्ध्या तासात अंगठे, फुलं, 'अप्रतिम', 'भिडली', 'खूप खूप छान'. तिसऱ्या ओळीतला एक शब्द मात्र दाताखाली खडा यावा तसा लागत होता. मी फोन करून तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तो मुद्दाम खडबडीत ठेवलाय, कारण तिथे पाऊस थांबतो." मग आम्ही तासभर भांडलो. शब्द तिने बदलला नाही, आणि तिचं कारण ऐकल्यावर मीही आग्रह धरला नाही. पण फोन ठेवताना ती म्हणाली, इतक्या जणांनी वाचली, पण तिसरी ओळ फक्त तू वाचलीस. 'छान' म्हणणं फार सोपं असतं हो, त्यासाठी कविता वाचावीही लागत नाही. दुरुस्ती सुचवायची तर प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं. दुरुस्त करणाऱ्याला आपण आगाऊ समजतो. मला तर तोच खरा वाचक वाटतो.

शेवटी एका खऱ्या गुरूची आणि शिष्येची हकिकत सांगते. १९४०च्या दशकातलं पेइचिंग, जपानी सैन्याच्या ताब्यात. तिथल्या फू-रन कॅथॉलिक विद्यापीठात गू स्वेइ (१८९७-१९६०) कविता शिकवत. वर्गात ये ज्यायिंग (१९२४-२०२४) नावाची मुलगी. आई १९४१मध्ये गेलेली. ती गू स्वेइंचा शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्यायची आणि गृहपाठ म्हणून कविता लिहून द्यायची. ते त्या तपासून, इथेतिथे शब्द बदलून परत करत. १९४४च्या शरदात तिने सहा कविता लिहिल्या, सात अक्षरी आठ ओळींच्या, आणि नेहमीप्रमाणे दिल्या. कागद परत आले तेव्हा त्यांवर एकही दुरुस्ती नव्हती. सोबत सहा कविता होत्या, गू स्वेइंच्या स्वतःच्या, तिचीच यमकं घेऊन लिहिलेल्या. चीनमध्ये कवी बरोबरीच्या कवीला असं उत्तर देतो. विद्यार्थिनी वीस वर्षांची होती! तिने पुन्हा त्याच यमकांत सहा कविता लिहून त्यांना दिल्या.

पुढे १९४६मध्ये त्यांनी तिला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की तू माझं सांगणं जसंच्या तसं पुढे नेणारी शिष्या व्हावंस असं मला वाटत नाही. माझ्या पद्धतीबाहेर जाऊन स्वतःचं काही उभं करावंस अशी इच्छा आहे. १९४८ साली ती लग्न करून दक्षिणेत आणि मग तैवानला गेली. तिथे नवऱ्याला अटक झाली, तान्ह्या मुलीसह तिलाही काही काळ. तिथून पुढे अमेरिका, मग कॅनडा. कपडे, पुस्तकं पुन्हा घेता येतील म्हणून मागे राहिली, पण वर्गातल्या वह्या कायम हातातल्या सामानात. १९७४मध्ये ती पहिल्यांदा चीनला येऊ शकली तेव्हा गुरू जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या वह्या तिने गुरूच्या मुलीकडे, गू जीजिंगकडे सोपवल्या. मुलीने त्यातून वडिलांची कवितेवरची वचनं वेचून काढली आणि १९८६मध्ये ती त्यांच्या लेखसंग्रहात छापली गेली. गू स्वेइंनी वर्गात बोललेलं स्वतः कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.